दस्तीखालचा आकडा

"हात घाल."

मामा एवढंच म्हणायचे. खांद्यावरची दस्ती, म्हणजे आमच्याकडचा तो मोठा रुमाल, झटकून उजव्या हातावर टाकायचे आणि समोरच्याकडे न बघता म्हणायचे, "हात घाल." मग त्या कापडाखाली दोन हात भेटायचे. बघणाऱ्याला फक्त दस्ती हललेली दिसायची, आत उंदीर शिरल्यासारखी.

जनावरांच्या बाजारात गेला असाल तर हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. दलाल भाव तोंडाने बोलत नाही, बोटाने बोलतो. अख्खा पंजा धरला की पाच. मग एकेक बोट दाबलं की सहा, सात, आठ. अर्धा सांगायचा असेल तर बोट मधल्या पेरापर्यंतच धरायचं. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. हे तुम्ही पाहिलं असेल. पण परदेशी जायच्या इंग्रजी परीक्षेचे मार्क दस्तीखाली देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला. तेव्हा जो आ वासला तो अजून मिटलेला नाही. माशा जाऊन येऊन आहेत.

बीडमध्ये माझा इंग्रजीचा क्लास आहे. जिन्याला सतरा पायऱ्या, त्यातल्या चारच भरवशाच्या. खाली टायरचं दुकान. तिथे हवा भरताना ट्यूब फुटली की वर माझी मुलं दचकून भूतकाळातून थेट भविष्यकाळात जायची. अशा ठिकाणी बसून मी मुलांना कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला पाठवतो. भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्याला ओल आल्यामुळे अर्धी आफ्रिका गळून पडली आहे, पण आपल्याला तिकडे जायचं नसल्याने मी मनावर घेतलं नाही.

मामा म्हणजे माझे नव्हेत, सगळ्या बाजाराचे; त्यांची मुलगी मनीषा ही माझी विद्यार्थिनी. बीडच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. दुपारी ड्युटी सुटली की क्लासला यायची, आणि मामा तिला न्यायला यायचे. त्यांचं गाव नारायणगडाच्या रस्त्याला. मोटारसायकल टायरवाल्यासमोर लावून मामा वर यायचे, दाराजवळच्या बाकड्यावर टेकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, झोपतात. माझ्या शिकवण्यावर झोप येणारे ते काही पहिले नव्हते.

मामा चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केलेले. त्यांच्याबद्दल लोक काय काय सांगतात. मामा दावणीवरून नुसते चालत गेले की बैल आपणहून तोंड उघडून दात दाखवायचे म्हणे. मी स्वतः पाहिलं नाही, पण सांगणाऱ्याने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा बैल तेवढेच होते.

तर एके दिवशी मी इम्रानची तोंडी परीक्षा घेत होतो. सराव म्हणून. इम्रानच्या वडिलांचा फळांचा गाडा आमच्या जिन्याखालीच. पोरगा हुशार, चार पुस्तकांतले भारी भारी शब्द पाठ केलेले, अडीच मिनिटं श्वास न घेता बोलला. मी खूश होऊन त्याला बोलण्याचे नऊपैकी सात दिले.

बाकड्यावरून आवाज आला, "सर, पोरानं शिंगं रंगवलीत."

मी वळून पाहिलं. मामांचे डोळे मिटलेलेच.

"काय म्हणालात?"

"म्हातारा बैल इकायचा आसला की शिंगं रंगवत्यात, तेल लावत्यात. लांबून खोंड दिसतं. मी शिंगं बघत न्हाई. चाल बघतो. ह्याची चाल आन शिंगं एका जनावराची न्हाईत." मग दस्ती झटकली. "इम्रान, ये बे हिकडं. हात घाल."

इम्रानने हसत हात घातला. बाहेर काढला तेव्हा हसत नव्हता. "साडेपाच दिये, सर," तो म्हणाला. "मामूने मुझे साडेपाच दिये!"

आम्ही सगळे खो खो हसलो. महिन्याने इम्रानचा खरा निकाल आला. बोलण्याचे साडेपाच.

आणि मामांना इंग्रजीतलं स्टँड, मोटर आणि हेडमास्तर सोडून चौथा शब्द येत नव्हता. पाठ केलेलं बोललं की परीक्षक मार्क कापतात हे मला माहीत होतं, पण पाठ केलेलं ओळखू येतं ते मामांना, मला नाही! पुढच्या तीन मुलांचे आकडे मामांनी सांगितले तसे आले. अर्ध्याचाही फरक नाही. नंतर तर मुलं माझ्याकडे फी भरायची आणि मार्कांसाठी मामांच्या बाकड्यापुढे रांग लावायची.

"मामा, मोठ्याने सांगत जा की," मी एकदा म्हणालो. "सगळ्यांना कळू दे."

"न्हाई. चारचौघात भाव पाडला की जनावर मान खाली घालतं." मग म्हणाले, "मानूसबी."

मग मीच त्यांना परीक्षेचे मार्क कसे देतात ते सविस्तर समजावलं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. प्रत्येकाला नऊपैकी. बोलण्यात पुन्हा चार गोष्टी बघतात: अडखळतो का, शब्दांचा साठा किती, व्याकरण बरोबर आहे का, उच्चार कळतात का. मामा मान डोलवत होते. दात, चाल, वशिंड, खोड, असं काहीतरी बोटावर मोजत होते. चारही भागांची सरासरी काढतात, ती पाव आली तर वर ढकलून अर्धा करतात, पाऊण आली तर पुरता एक करतात, हे ऐकून त्यांना गोऱ्या लोकांचं फार कौतुक वाटलं.

"दिलदार हायत की! आन खरं-खोटं कोन तपासतं?"

"कसलं खरं-खोटं?"

"पोरगं बोललं ते खरं का खोटं, ते."

"ते कुणीच तपासत नाही, मामा. त्याला मार्क नसतात. भाषा बरोबर पाहिजे, बस्स."

मामांनी डोळे उघडले. इतके मोठे उघडले की मी एक पाऊल मागे सरलो.

"मंजी, समद्यांदेखत खोटं बोललं तरी सात?"

"सात."

"सर, आमच्या बाजारात खोड लपवून जनावर इकलं, तर जनावर माघारी येतं, आन त्यो मानूस परत बाजारात येत न्हाई. न्हाई म्हंजी न्हाईच." ते उठून जिना उतरायला लागले, चौथ्या पायरीवरून पुन्हा वर आले. "कावून पन? खोट्याला मार्क कावून?"

का ते विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. पुढे तीन दिवस ते क्लासला आले नाहीत. मनीषा म्हणाली, "आबांचं जेवणात लक्ष नाही, सर. म्हैस बघितली तरी तिला विचारतात, खरं का खोटं?"

आता माझं एक पाप सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तोंडी परीक्षेत एक चिठ्ठी देतात. 'तुमच्यावर ज्यांचा प्रभाव पडला अशा व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला', असलं काही. यासाठी मी एक साचा तयार केला होता: माझे वडील हेडमास्तर आहेत, पहाटे उठतात, पेपर वाचतात, गोरगरिबांना शिकवतात. शब्द सोपे, वाक्यं घोटलेली. माझ्या क्लासमधल्या झाडून सगळ्या मुलांचे वडील हेडमास्तर होते. एवढे हेडमास्तर बीड जिल्ह्यात एकाच वेळी खऱ्या शाळांतही निघाले नसते.

चौथ्या दिवशी मामा आले. बाकड्यावर बसले. इम्रान पुढच्या परीक्षेसाठी तोच साचा बोलत होता. मामांनी एक डोळा उघडला.

"इम्रान, तुझा बाप हेडमास्तर कवा झाला बे? मघाशी मला पपई कापून दिली त्यानं."

क्लास हसून फुटला. त्याच हशात मनीषाची पाळी आली, आणि तिलाही मी तोच विषय दिला. मला काय कळत होतं? ती उभी राहिली. बापाकडे पाठ करून बोलायला लागली. घडाघडा. हेडमास्तर हा शब्द दोन मिनिटांत पाच वेळा आला. मामांना इंग्रजीतले जे तीन शब्द येत होते त्यातला तो एक.

मी सात दिले. मनीषाला सातच पाहिजे होते. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, अट अशी की चारही भागांत सात पाहिजेत, एकाही भागात अर्धा कमी चालणार नाही. दवाखान्यात दहा वर्षं राबून तिने गाठलेली ही एकच वाट होती.

मामांनी दस्ती टाकली. मनीषाने हात घातला. दस्ती जरा वेळच हलली. तिने हात काढला आणि खाली बघत वही आवरायला लागली.

"किती?" मी जिन्यात मामांना गाठून विचारलं.

"सा."

"पोटच्या पोरीला सहा?"

"शिंगं रंगवलीत, सर." मामा दस्ती खांद्यावर टाकत म्हणाले. "तुमीच रंगवलीत."

खाली ट्यूब फुटली तरी दचकलो नाही. मामा दोन पायऱ्या उतरले, मग थांबले. माझ्याकडे न बघता, टायरवाल्याकडे बघत बोलले.

"पर तिला सात पायजेत. हेडमास्तरनं भागत आसंल तर सांगू द्या हेडमास्तर. मला काय. दोन मिनिटं मी तिचा बाप न्हाई, आसं समजंन."

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. पण त्या दिवशी माझीच थाप माझ्या तोंडावर येऊन बसली.

परीक्षा संभाजीनगरला झाली. निकाल आला त्या दुपारी मामा कागद घेऊन जिना असा चढले की आमच्या चार भरवशाच्या पायऱ्यांच्या तीन झाल्या.

"सात! सर, सात लिवलंय!"

लिहिलं होतं खरं; अक्षरं येत नसली तरी आकडे मामांना वाचता यायचे. सरासरी सात. मी कागदावरच्या वरच्या ओळी बघितल्या. ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, लिहिण्यात सात. बोलण्यात साडेसहा.

मनीषा मामांच्या मागे उभी होती. तिला आधीच कळलेलं होतं.

मला मामांना सांगावं लागलं. सांगताना मला वाटलं, हे शब्द माझ्या तोंडातून निघूच नयेत. चारांची बेरीज होते, सरासरी सात होते, पण हॉस्पिटलला सरासरी नको आहे. मामा ऐकत राहिले. बाजारातल्या माणसाला फार समजवावं लागत नाही.

"एक पाय आखूड," ते म्हणाले.

"होय."

"आता?"

पुन्हा परीक्षा द्यायला वेळ नव्हता. हॉस्पिटलने महिनाअखेरची मुदत दिली होती, आणि नव्या परीक्षेचा निकाल त्याच्या आत येणार नव्हता. एकच दार उघडं होतं. परत तपासणी मागता येते. तोंडी परीक्षेचं रेकॉर्डिंग असतं, ते दुसऱ्या परीक्षकाला ऐकवतात. त्याला आधीचे मार्क सांगत नाहीत.

"पण त्यात काही दम नाही, मामा," मी म्हणालो. "सहसा बदलत नाहीत. उगाच आशा कशाला लावायची?"

मामा बाकड्यावर बसले. डोळे मिटले. "मने, तिथं जे बोललीस ते बोल."

"आबा, आता कसं आठवंल?"

"आठवंल. बोल."

ती उभी राहिली. या वेळी तोंड बापाकडे होतं. आणि बोलायला लागली.

पहिल्याच वाक्याला मी खुर्चीत सरळ झालो. दुसऱ्याला खुर्चीतून उठलो. हेडमास्तर कुठेच नव्हता! ती इंग्रजीत सांगत होती, माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाल आहेत. माझ्या वडिलांना वाचता येत नाही, पण ते बैलाचं चालणं वाचतात. एका ठिकाणी ती अडली. दस्तीला इंग्रजीत काय म्हणावं ते तिला सुचेना. थांबली, हाताने खांदा दाखवला, मग म्हणाली, ते कापड, जे त्यांच्या खांद्यावर असतं, ऊन लागलं तर डोक्यावर आणि सौदा असला तर हातावर. पुढे आणखी एकदा थांबली. मग म्हणाली, माझे वडील त्या कापडाखाली माणसाला त्याची किंमत सांगतात, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला कळत नाही आणि माणसाला लाज वाटत नाही. बोलताना तिचा उजवा हात आपोआप मिटत होता, उघडत होता.

इम्रान दारात उभा होता. त्याला सगळं समजत होतं. तो नखं बघत उभा राहिला.

मामा म्हणाले, "हात घाल."

आणि पहिल्यांदाच त्यांनी आकडा सगळ्यांदेखत मोठ्याने सांगितला. "सात हाय. तपासायला टाका."

"मामा, ती दोनदा थांबली," मी म्हणालो. "थांबलं की मार्क जातात."

"सर, एक बैल दमला म्हनून थांबतो. एक बैल फुडं खड्डा दिसला म्हनून थांबतो, बघतो, आन बाजूनं जातो. दोगं थांबलेच. पर दोगांचा भाव एक हाय का? ही खड्डा बघून थांबली. आन बाजूनं गेली."

माझ्या क्लासच्या दारामागे मार्क देण्याच्या नियमांचा छापील कागद सहा वर्षं लटकत होता. त्यात हेच लिहिलं आहे: शब्द सापडत नाही म्हणून थांबणं वेगळं, विचार करायला थांबणं वेगळं, शब्द आला नाही तरी दुसऱ्या शब्दांत सांगता आलं तर ते गुणाचं. सहा वर्षं मी त्या कागदावर शर्ट अडकवत होतो! शर्ट बाजूला करून मी तो पुन्हा वाचला.

"तरी नाही वाढणार," मी हट्टाने म्हणालो. चुकलो असं म्हणायची मला सवय नव्हती.

"पैज?" मामा म्हणाले. "सात आले, तर तुमी हात घालायचा."

आता इथे एक गुपित फोडावं लागतं. ही परीक्षा मी स्वतः कधीच दिलेली नाही. शेकडो पोरं पाठवली, पण आपण किती पाण्यात आहोत हे बघायची छाती झाली नाही. मामा अधूनमधून म्हणायचे, "सर, तुमीबी घाला की हात," आणि मला ताबडतोब खडू आणायला जायचं असायचं. माझ्या क्लासमध्ये पांढरा बोर्ड आहे. खडू लागतच नाही.

पण पोरं बघत होती. मी म्हणालो, "लागली पैज."

त्या दिवशी जिन्यात मामांनी मला थांबवलं. "सर, हेडमास्तर ऐकू आला न्हाई."

"नव्हता, मामा."

"मग कोन व्हतं?"

मी म्हणालो, "बैलबाजार होता."

मामांनी दस्ती काढली, तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. "तरी म्हनलं," ते दस्तीतूनच बोलले, "पोरगी बोटं कावून हालवती."

महिना संपायला चार दिवस असताना इम्रान ओरडत वर आला. मनीषाने त्याला फोनवर कागद पाठवला होता. बोलण्यात सात. मी तो फोन उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, खिडकीत नेऊन पाहिला. सातच. खाली टायरवाल्याने आनंदाने चांगली ट्यूब फोडली असं लोक सांगतात.

मामा मात्र शांत. "दुसऱ्यानं नुसतं ऐकलं," म्हणाले. "पयल्यानं बघितलं आसंल."

मनीषा गेली. इम्रानने हेडमास्तर सोडला, बापाच्या गाड्यावरची पपई पकडली आणि साडेसहा मिळवून तोही गेला. माझा साचा मी फाडून टाकला. मामा मात्र सवयीने येतच राहिले. न्यायला कुणी नव्हतं तरी यायचे, बाकड्यावर बसायचे. मनीषाचा व्हिडिओ कॉल आला की बोलायचं काय हे त्यांना सुचायचं नाही. एकदा त्यांनी फोनवर दस्ती टाकली आणि आत बोटं दाबली. फोन बंद पडला. तिकडून मनीषाने पुन्हा लावला, रडते का हसते ते कळेना. "आबा, किती दिले?" मामा म्हणाले, "तुला म्हाईत हाय."

मला रोज विचारायचे, "सर, पैज?" मी रोज खडू आणायला जायचो. सबंध वर्ष गेलं.

मग एक आठवडा बाकडं रिकामं राहिलं. दुसराही. मी चौकशी केली आणि सकाळीच नारायणगडाच्या रस्त्याला लागलो. मामा अंगणात खाटेवर होते. अर्धं अंग गेलं होतं, डावं. जीभही गेली होती. चाळीस वर्षं बाजार केलेला माणूस, आणि तोंडातून नुसता वारा. मी काय बघतोय ते मला खरं वाटेना. मी बडबडायला लागलो, क्लासचं, टायरचं, नकाशातल्या उरलेल्या आफ्रिकेचं. मामा ऐकत होते. डोळे मिटून.

मग त्यांनी उजव्या हाताने उशाशी चाचपलं. दस्ती ओढली. हातावर टाकली. झटकता आली नाही, नुसती टाकली.

शब्द निघाला नाही. लागलाही नाही. मी हात घातला.

पंधरा दिवसांनी मामा गेले. मनीषाला येता आलं नाही. तिचा फोन आला. म्हणाली, "सर, तुम्ही पैज पुरी केली म्हणे. आबांनी किती दिले?"

"ते दस्तीखालचं आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरोबर."

तुम्हीही विचाराल. आकडा ऐकून, म्हणजे बोटांनी ऐकून, मी किती हबकलो ते सांगून उपयोग नाही. आकडा सांगणार नाही. एवढंच सांगतो, शेवटचं बोट मामांनी मधल्या पेरापर्यंतच धरलं, आणि मग सोडलंच नाही.